कार्गो फायरचा इशारा खोटा वाटतोय? या चुका टाळा

मालवाहू विमानात कार्गो फायरची, म्हणजे मालाच्या कप्प्यातल्या आगीची, घंटा वाजली की मन आधी सेन्सरवर संशय घेतं. त्याला कारणही आहे. धूळ, दमट हवेतलं धुकं, ताज्या फळा-फुलांची वाफ यांनीही धुराचा डिटेक्टर फसतो. पण इशारा खरा की खोटा याची शहानिशा हवेत करत बसणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तो निवाडा जमिनीवर उतरल्यावर.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी घंटा वाजली. दोहा साधारण १०० सागरी मैलांवर होतं, दुबई १८० च्या आसपास. विमान दुबईकडे वळवलं गेलं. थोड्याच वेळात कॉकपिट धुरानं इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनच्या मास्कमधला ऑक्सिजन बंद पडला. दोघेही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. वैमानिकांना दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या क्षणी ओळखीचा विमानतळ कुणालाही जवळचा वाटेल. म्हणून घंटा वाजताच अंतर बघा आणि सगळ्यात जवळच्या योग्य विमानतळाकडे वळा.

वरच्या मुख्य डेकवर, म्हणजे मालाच्या वरच्या मजल्यावर, बहुतेक मालवाहू विमानांत आग विझवणारा वायू नसतोच. तिथे जाणारी हवा तोडायची, विमानातला दाब कमी करायचा, एवढाच उपाय. त्यामुळे ‘खोटाच असेल’ म्हणून चेकलिस्ट अर्धवट सोडली तर हातात काहीच उरत नाही. मास्क आधी, मग बाकीचं. ५ सप्टेंबर १९९६ ला अमेरिकेतल्या न्यूबर्गला उतरलेल्या फेडेक्सच्या डीसी-१० मालवाहू विमानात आतला दाब पूर्ण सोडलेला नव्हता, त्यामुळे दारं उघडेनात आणि बाहेर पडायलाच उशीर झाला. सुदैवानं पाचही जण वाचले.

इशाऱ्याचा दिवा विझला म्हणजे आग विझली, असंही धरू नका. वायर जळूनही दिवा विझू शकतो. उलटंही घडतं. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या डीसी-८ मालवाहू विमानाच्या क्रूला लाकूड जळल्यासारखा वास वीसेक मिनिटं आधीच आला होता. कार्गो स्मोकचा दिवा लागला तो मात्र उतरायच्या तोंडावर. नाकाला जे कळलं ते पॅनेलवर दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

घंटा बंद करा, बोलणं ऐकू आलं पाहिजे. पण चेकलिस्टमध्ये नसताना सर्किट ब्रेकर ओढू नका. ‘बघून येतो’ म्हणत मागचं दार उघडणंही टाळा, धूर थेट कॉकपिटमध्ये येतो.

उतरल्यावर काहीच सापडलं नाही, तर टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) नुसतं ‘खोटा इशारा’ लिहू नका. मालाच्या कोणत्या झोनचा (भागाचा) दिवा, किती वाजता, कोणत्या उंचीवर, किती वेळ, वास होता का, तिथे कोणता माल होता, हे सगळं लिहा. डिटेक्टर बदलायचा की त्याच्यापर्यंत हवा नेणारी नळी तपासायची, हे इंजिनिअर त्या ओळींवरूनच ठरवतो.