दैवदुर्विलासाची युद्धकथा तपासायची कशी

स्वतःच्याच पाणतीराने बुडालेली पाणबुडी, युद्धबंदीला एक मिनिट उरले असताना पडलेला शिपाई, ‘इथून नेम लागायचा नाही’ असे म्हणता म्हणता गोळी लागलेला सेनानी. लष्करी इतिहासातल्या अशा गोष्टी बऱ्याचदा मुळात खऱ्या असतात, पण तोंडोतोंडी फिरताना त्यांचा शेवट घासून गुळगुळीत होतो. लेखात किंवा व्याख्यानात अशी गोष्ट घ्यायची असेल, तर आधी थोडी मेहनत घ्यावी लागते.

सुरुवातीला गोष्टीचे पाच तुकडे करा: कोण, कधी, कुठे, कशाने आणि कलाटणी. प्रत्येकापुढे त्याचा पुरावा वेगळा लिहा. पहिल्या चारांना बहुधा कागदोपत्री आधार मिळतो, आणि तो मिळाला की आपण नकळत पाचवाही खरा धरतो. घात होतो तो इथेच. माणूस त्या दिवशी, त्या जागी मेला हे सिद्ध झाल्याने त्याचे शेवटचे शब्द सिद्ध होत नाहीत.

अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल जॉन सेजविकचे उदाहरण घ्या. 9 मे 1864, स्पॉटसिल्व्हेनिया, डाव्या डोळ्याखाली गोळी. इथवर शंका नाही. प्रचलित कथेत ‘एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही’ हे वाक्य पुरे होण्याआधीच तो कोसळतो. त्याचा चीफ ऑफ स्टाफ मार्टिन मॅकमहॉन तेव्हा अगदी शेजारी होता, आणि त्याने लिहून ठेवलेला प्रसंग वेगळा आहे. सेजविक हे वाक्य पूर्ण बोलला, एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा तो बोलला ते गोळीच्या शिळेने जमिनीवर आडव्या झालेल्या एका शिपायाला. शिपाई उठला, सलाम ठोकला आणि म्हणाला, की मागे एकदा असाच खाली वाकलो म्हणून तोफगोळ्यापासून डोके वाचले. सेजविक हसला, ‘बरं, जा आपल्या जागेवर’ म्हणाला. त्यानंतर पुन्हा तीच शीळ आली, आणि या वेळी ती एका जड, बोथट आवाजात थांबली. अर्धवट वाक्याची कथा खमंग आहे, पण तिच्यात तो शिपाई नाही, त्याचे उत्तर नाही आणि सेजविकचे हसूही नाही. माझ्या मते अस्सल प्रसंग कितीतरी जास्त बोचतो.

मग सर्वांत जुना उल्लेख शोधा आणि दोन गोष्टी नोंदवा: घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, आणि लिहिणारा तिथे होता का. एपिरसचा राजा पिऱ्हस इसवी सन पूर्व 272 मध्ये आर्गॉस शहरातल्या गल्लीबोळांच्या लढाईत मेला. ‘म्हातारीने छपरावरून कौल फेकले आणि राजा ठार’ अशी कथा सांगतात. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की कौलाने तो घेरी येऊन घोड्यावरून पडला आणि नंतर शत्रूच्या एका सैनिकाने त्याचे डोके उडवले. त्यातही प्लुटार्क साडेतीन शतकांनंतरचा आहे. इतक्या उत्तरकालीन साधनावर विसंबताना ‘प्लुटार्क सांगतो’ हे दोन शब्द वाक्यात आलेच पाहिजेत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा 10 जून 1190 रोजी सालेफ नदीत मरण पावला, तिथे अडचण उलटी आहे: समकालीन लेखक आहेत, पण त्यांचे एकमत नाही. कोणी म्हणतो नदी ओलांडताना, कोणी म्हणतो अंघोळीला उतरला असताना. अशा वेळी आपल्याला आवडलेले एक साधन उचलू नका. मतभेद आहे तसा मांडा.

जखम आणि मृत्यू यांच्यात किती दिवस गेले ते मोजायला विसरू नका. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला 26 मार्च 1199 रोजी शालू-शाब्रोलच्या वेढ्यात बाण लागला. तो मेला 6 एप्रिलला, जखम सडून. अमेरिकी यादवी युद्धातलाच जनरल स्टोनवॉल जॅक्सन याला 2 मे 1863 च्या रात्री चान्सलर्सव्हिलला स्वतःच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या, डावा हात कापावा लागला, आणि 10 मे रोजी तो न्यूमोनियाने गेला. ‘स्वतःच्या सैनिकांनी मारले’ हे वाक्य त्या आठ दिवसांवरून उडी मारते. ‘घायाळ केले’ लिहा आणि पुढचे सांगा.

तारखांमध्ये सगळ्यांत जास्त चुका होतात. रशियन नोंदी 1918 च्या सुरुवातीपर्यंत जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाच्या आहेत. फरक अठराव्या शतकात 11 दिवसांचा, एकोणिसाव्यात 12, विसाव्यात 13. पाणतीर आणि सुरुंगांच्या युद्धात मुरलेला अ‍ॅडमिरल माकारोव्ह पोर्ट आर्थरजवळ सुरुंगानेच गेला. त्याची तारीख कुठे 31 मार्च 1904, कुठे 13 एप्रिल दिसते. दिवस एकच आहे. कोणते पंचांग वापरले ते एकदा सांगा आणि लेखभर तेच ठेवा, नाहीतर घटनांचा क्रमच उलटतो.

पहिले महायुद्ध थांबले त्या 11 नोव्हेंबर 1918 साठी तर मिनिटांचा हिशोब लागतो. युद्धबंदीवर पहाटे पाचनंतर सह्या झाल्या आणि ती सकाळी 11 ला लागू झाली. कॅनडाचा जॉर्ज प्राइस 10:58 ला पडला, अमेरिकेचा हेन्री गुंथर 10:59 ला. फ्रान्सचा ऑग्युस्तँ त्रेब्युशों निरोप्या होता. अकराला काही मिनिटे असताना तो मेला तेव्हा त्याच्याजवळचा निरोप साडेअकराच्या गरम जेवणाचा होता. त्याच्या कबरीवर मात्र 10 नोव्हेंबर कोरले आहे, कारण फ्रेंच लष्कराने त्या सकाळच्या मृतांची तारीख एक दिवस मागे नेली. सरकारी कागद आणि कबरीचा दगड हे पुरावे आहेत, पण तेही तपासावे लागतात. बेल्जियममधल्या सँ-सिंफोरियाँ दफनभूमीत या युद्धात पहिला पडलेला ब्रिटिश शिपाई जॉन पार आणि शेवटचा जॉर्ज एलिसन यांच्या कबरी समोरासमोर, काही पावलांवर आहेत. पारच्या दगडावर वय 20 लिहिले आहे, पण भरती होताना त्याने वय वाढवून सांगितले होते.

‘शेवटचा’ हा शब्द कधीच एकटा सोडू नका. कोणत्या देशाचा शेवटचा, कोणत्या आघाडीवरचा? पूर्व आफ्रिकेत बातमी उशिरा पोहोचली आणि तिथल्या जर्मन तुकडीने 25 नोव्हेंबरला शस्त्रे ठेवली.

कलाटणी यंत्रामुळे किंवा अंतरामुळे झाली असेल तर आकडेमोड स्वतः करा. 22 जून 1893 रोजी आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश अ‍ॅडमिरल जॉर्ज ट्रायनने दोन समांतर रांगांतल्या जहाजांना एकमेकांच्या दिशेने वळण्याचा हुकूम दिला. रांगांमध्ये अंतर सहा केबल, म्हणजे साधारण 1200 यार्ड. मोठ्या युद्धनौकेच्या नेहमीच्या वळणाचा व्यास सुमारे 800 यार्ड. दोन जहाजे आत वळणार म्हणजे 1600 यार्ड लागणार, वर सुरक्षित मोकळीक वेगळीच. चारशे यार्ड कमी पडतात हे कागदावर दोन वर्तुळे काढली तरी दिसते. आठ केबल ठेवावेत असे त्याला आधी सुचवले होते, त्याने ते मान्यही केले आणि मग हुकूम सहाचाच गेला. कॅम्परडाउन या युद्धनौकेने ट्रायनच्या व्हिक्टोरियाला धडक दिली, ट्रायनसह 358 जण बुडाले. का, यावर वाद अजून आहे; कसे, यावर नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत तर ‘अहंकाराने बुडाला’ असे सोपे निदान हातून होणार नाही.

पाणबुड्यांच्या बाबतीत वाचलेल्यांची साक्ष मिळते का ते आधी पाहा. अमेरिकेच्या टँगने 25 ऑक्टोबर 1944 रोजी फोर्मोसाच्या (आजच्या तैवानच्या) सामुद्रधुनीत आपला शेवटचा, चोविसावा पाणतीर सोडला. तो पृष्ठभागावर उसळला, डावीकडे वळत गेला आणि गोल फिरून तिच्याच मागच्या भागावर आदळला. 78 मेले, 9 वाचले. वाचलेल्यांत कप्तान ओकेन होता आणि त्याने पाणतीर परत येताना पाहिला होता, म्हणून ही गोष्ट ठामपणे लिहिता येते. याउलट जर्मन यू-1206 (14 एप्रिल 1945) शौचालयातल्या गळतीने गेली हे खरे, पण कप्तानानेच चुकीची झडप फिरवली हा भाग नीट पाहून घ्या. कप्तान श्लिटच्या अहवालानुसार तो तेव्हा इंजिनाच्या खोलीत डिझेल दुरुस्तीला मदत करत होता. पाणी खालच्या बॅटऱ्यांवर गेले, क्लोरीन वायू सुटला आणि पाणबुडी वर आणावी लागली. ‘शौचालयामुळे बुडाली’ या दोन शब्दांतून बॅटरी आणि क्लोरीन गळले, की उरते ती फक्त थट्टा, आणि तिथे माणसे मेली आहेत.

शेवटी मृतांची यादी पुरी करा. 28 फेब्रुवारी 1844 रोजी अमेरिकी युद्धनौका प्रिन्सटनवर पाहुण्यांसमोर डागताना ‘पीसमेकर’, म्हणजे शांतिदूत, नावाची तोफ फुटली. नौकेवरच्या दुसऱ्या मोठ्या तोफेला लोखंडी कड्यांचा आधार होता. पीसमेकरला कडी न घालता नुसते जाड लोखंड वापरले होते, आणि एवढ्या जाडीत घडाईचे दोष आत लपून राहतात. कथेत नावे येतात ती परराष्ट्रमंत्री अपशर आणि नौदलमंत्री गिल्मर यांची. राष्ट्राध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर असल्याने वाचले हेही येते. मृत मात्र सहा होते. उरलेले चौघे म्हणजे नौदलाचे कॅप्टन केनन, मुत्सद्दी मॅक्सी, न्यूयॉर्कचे गार्डिनर आणि टायलर यांचा गुलाम सेवक आर्मिस्टेड. चौथे नाव बहुतेक लेखांत सापडत नाही. तुमच्या लेखात ते असू द्या.