एअरसॉफ्ट पिस्तुलाच्या मॅगझिनमधून गॅस गळतोय? आधी जागा शोधा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारं खेळातलं पिस्तूल. त्याच्या मॅगझिनमध्ये छर्रे आणि त्यांना ढकलणारा गॅस, दोन्ही असतात. गळणाऱ्या मॅगझिनचा व्हॉल्व लगेच खोलायला घेऊ नका. बहुतेक वेळा भाग तुटलेला नसतो. रबर कोरडं पडलेलं असतं किंवा सीलखाली धुळीचा कण अडकलेला असतो. जागा न शोधता सगळं खोललं की चांगल्या सीललाही ओरखडा बसतो आणि एकाच्या दोन गळत्या होतात.

मॅगझिनमध्ये बहुधा भरतात तो ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन ऑइल. तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. त्यामुळे काम खिडकीजवळ किंवा बाहेर करा, आसपास शेगडी, हीटर, सिगारेट काही नको. डोळ्यांवर गॉगल हवाच. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून उडालेला द्रव गॅस कातडी गोठवतो.

तपासणी पाण्यात करा. छर्रे काढून घ्या, मॅगझिनमध्ये दोन-तीन सेकंद गॅस भरा आणि ते साध्या तापमानाच्या पाण्यात पूर्ण बुडवा. गरम पाणी अजिबात नको. २० अंशांना आतला दाब साधारण साडेसात बार असतो, ४० अंशांना तो जवळपास तेरा बारवर जातो. सुरुवातीचे बुडबुडे फटींत अडकलेल्या हवेचे असतात, ते मोजू नका. मॅगझिन हलवून ती हवा काढा आणि मग दोन-तीन मिनिटं शांतपणे पाहा. एकाच जागेहून एका लयीत येणारे बुडबुडे म्हणजे गळती.

बघायच्या जागा तीन: तळाचा भरायचा व्हॉल्व, वर मागच्या बाजूचा, गॅस बाहेर सोडणारा आउटलेट व्हॉल्व आणि तळाच्या झाकणाची कड. आउटलेटकडे जास्त बारकाईने पाहा. बुडबुडे व्हॉल्वच्या कडेने, आट्यांतून येत असतील तर बाहेरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) गेली आहे, आणि ती बदलता येते. मधल्या दांड्यातून येत असतील तर आतलं सील खराब आहे. अशा वेळी बहुधा अख्खा व्हॉल्व बदलणंच शहाणपणाचं. वरचं गॅस राउटरचं (गॅस पिस्तुलात नेणाऱ्या तोंडाचं) रबर मात्र सोडून द्या. ते फक्त गोळी सुटताना कामाला येतं, ठेवलेल्या मॅगझिनच्या गळतीशी त्याचा संबंध नाही.

मॅगझिन बाहेर असताना टिकतं आणि पिस्तुलात घातलं की सगळा गॅस सोडतं, असं असेल तर दोष मॅगझिनचा नाही. हॅमर (ट्रिगर ओढल्यावर आपटणारा घोडा) किंवा व्हॉल्व ठोकणारा नॉकर पुढे अडकून व्हॉल्व दाबून धरत असतो. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून हॅमर चढवा, मग मॅगझिन घाला.

आता पहिला उपाय, खोलाखोलीशिवाय. भरायच्या व्हॉल्वमध्ये सिलिकॉन ऑइलचे तीन-चार थेंब टाका, बारीक स्क्रूड्रायव्हरने मधली पिन दाबून ते आत जाऊ द्या आणि अर्धा गॅस भरा. मग गळणारी जागा खाली येईल असं मॅगझिन रात्रभर ठेवा, म्हणजे ऑइल त्याच सीलवर साचेल. हळू गळती पुष्कळदा एवढ्यानेच थांबते. गंज सोडवायचा स्प्रे किंवा पेट्रोलियमचं कुठलंही तेल वापरू नका. त्याने काही प्रकारचं रबर फुगतं, पुढे मऊ पडतं.

एवढ्याने थांबली नाही तर व्हॉल्व काढावा लागेल. त्याआधी मॅगझिन पूर्ण रिकामं करा. आउटलेट चेहऱ्यापासून लांब धरून प्लॅस्टिकच्या काडीने थोडं थोडं दाबा. आवाज थांबला म्हणजे रिकामं झालं असं समजू नका: थंड पडल्यामुळे आत द्रव गॅस शिल्लक असू शकतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा दाबा. काहीच आलं नाही, तरच पाना लावा.

व्हॉल्वसाठी दोन दाढांची व्हॉल्व-की वापरा. पक्कड लावली की खाचा जातात. व्हॉल्व निघाला की ओ-रिंग नखाने फिरवून पाहा: चीर, चपटेपणा, कडकपणा यांपैकी काहीही दिसलं तर बदला. नवी रिंग व्हर्नियरने मोजून, आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळवून घ्या, आणि ती नायट्राइल रबरची असू द्या. सिलिकॉन रबरची रिंग सिलिकॉन ऑइलनेच फुगते. आटे आणि बसायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाचा एक धागाही मागे राहू नये. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

बसवताना व्हॉल्व आधी उलटा फिरवा. आटा जागेवर आल्याचा हलका टक् जाणवला की बोटांनीच सुलट फिरवायला लागा. मॅगझिनची बॉडी बहुधा झिंकच्या मिश्रधातूची असते, वाकडा आटा जबरदस्तीने गेला तर बॉडीच वाया जाते. रिंग दाबली गेल्याचं जाणवलं की थांबा. जास्त आवळल्याने रिंग कापली जाते. आटे ढिले असतील तर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे आट्यांवरच द्या, रिंगवर नाही.

तळाच्या कडेची गळती गॅस्केटची (झाकणाखालच्या रबरी पट्टीची) असते. झाकणाची पिन बरोबर मापाच्या पंचने (पिन ठोकून काढायच्या दांड्याने) काढा, गॅस्केट उलटून बसवून पाहा, नाहीतर नवं घाला. आंबट वासाचा सिलिकॉन सीलंट इथे नको, तो झिंक खातो. बुडबुडे बॉडीच्याच ओतीव भागातून येत असतील तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि मॅगझिन बदला.

घाईने भरलेलं, बर्फासारखं थंड मॅगझिन कधीकधी थोडं फुसफुसतं, कारण थंडीने रबर आकसलेलं असतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग ठरवा. ठेवून देताना ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये थोडा गॅस राहू द्या, दाबामुळे सील जागेवर राहतात. सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालणाऱ्या मॅगझिनचं उलट आहे: भोक पाडलेलं १२ ग्रॅमचं काडतूस आत ठेवू नका, तो वायू रबरात मुरतो आणि सील फुगतात.