सायकलवरची कामं: मंडई शेवटी

पुण्यात पेठांमधली कामं सायकलवर उरकायची असतील तर आधी क्रम ठरवा. बँक, पोस्ट सकाळीच. मग अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तकं. मंडई अगदी शेवटी, म्हणजे कांदे-बटाट्यांचं ओझं गावभर वागवावं लागत नाही. आणि कृपा करून पिशवी हँडलला अडकवू नका! वळताना ती झोके खाते, तिचा बंद पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला की माणूस तोंडावर आपटतो. जड सामान मागच्या कॅरिअरवर ठेवा आणि जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून बांधा. सुतळी खड्ड्यात आदळली की सैल पडते, रबर पकड सोडत नाही. टोमॅटो, कोथिंबीर पाठीवरच्या सॅकमध्ये. निघण्यापूर्वी मागच्या चाकात हवा भरून घ्या, बराचसा भार त्याच्यावरच येतो.