शिकारी पफर मासा: काय खाऊ घालायचं आणि किती दिवसांनी

कांगो पफर वाळूत डोळ्यांपर्यंत रुतून बसतो आणि दिवसचे दिवस जागचा हलत नाही. भक्ष्य तोंडासमोर आलं की एका झडपेत गिळतो आणि पुन्हा तसाच बसून राहतो. अशा माशाची ताकद फार थोडी खर्च होते. त्याला रोज भरपेट खाऊ घातलं तर ते अंगावर आणि यकृतावर चरबी होऊन साठतं, आणि टाकीचं पाणी खराब होतं ते वेगळंच. तरीही बहुतेक नवे मासेपालक नेमकं हेच करतात, कारण माशाला खाताना पाहणं हा या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे. शिकारी पफर नीट सांभाळायचा असेल तर हा आनंद आठवड्यातून मोजक्याच वेळा घ्यायची तयारी हवी.

पायरी १ : आपला पफर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

सगळ्या पफरना एकच वेळापत्रक लागू होत नाही. गोड्या पाण्यातल्या शिकारी पफरचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिला गट दबा धरून बसणाऱ्यांचा. कांगो नदीच्या खोऱ्यातला टेट्राओडॉन मियुरस, आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला बाणासारख्या डोक्याचा पाओ सुवात्ती, तिथलाच केसाळ दिसणारा पाओ बेलीयी आणि पाठीला कुबड असलेला पाओ पालेम्बान्जेन्सिस हे सगळे यात येतात. निसर्गात हे मासे, झिंगे आणि खेकडे पकडतात.

दुसरा गट फिरून शिकार करणाऱ्यांचा. नाईल आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांमधला फहाका पफर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. कांगो आणि टांगानिका सरोवरातला मबू पफर तर साठ सेंटिमीटर ओलांडतो. हे दिवसभर पोहतात, शंख-शिंपले फोडून खातात, आणि म्हणून त्यांना पहिल्या गटापेक्षा जास्त वेळा अन्न लागतं.

जेमतेम तीन सेंटिमीटरचा पी पफर या दोन्हींत बसत नाही. त्याला रोज थोडं थोडं खाणं हवं असतं. खालचं वेळापत्रक त्याच्यासाठी नाही.

पायरी २ : किती दिवसांनी, ते वयावर आणि पोटावर ठरवा

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लांना रोज खाऊ घाला, कारण त्यांची वाढ सुरू असते. पाच ते दहा सेंटिमीटरच्या माशाला एक दिवसाआड द्या. दहा ते पंधराच्या दरम्यान दर तीन दिवसांनी एकदा पुरतं. पूर्ण वाढलेल्या दबा धरणाऱ्या पफरला पाच ते सात दिवसांनी एक चांगलं जेवण बास होतं. पूर्ण वाढलेल्या फहाका किंवा मबूला आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावं.

हे आकडे सुरुवातीपुरते. खरं माप पोट. मासा खात असताना बाजूने पाहा. पोटाला हलकी गोलाई आली की थांबायचं, त्याची आणखी खायची तयारी असली तरी. पुढचं जेवण तेव्हाच, जेव्हा पोट पुन्हा सपाट झालेलं असेल. ठरलेला दिवस उजाडला आणि पोट अजून फुगीरच असेल तर आणखी एक दिवस थांबा. उलट पोट आत गेलेलं दिसलं तर वेळापत्रक बाजूला ठेवून खाऊ घाला.

यामागे शरीररचनेचंही कारण आहे. पफरचं जठर पाणी भरून अंग फुगवण्यासाठी बदललेलं आहे. त्यात इतर अनेक माशांसारखं आम्लाने होणारं पचन होत नाही, सगळं काम आतड्यांवर पडतं. म्हणून एकाच वेळी ठासून भरवण्यापेक्षा मध्यम जेवण आणि मग पुरेशी विश्रांती हे त्याला मानवतं.

फहाका पाळणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हा मासा माणूस ओळखतो. तुम्ही खोलीत आलात की काचेपाशी येऊन अंग हलवत राहतो आणि डोळे फिरवून तुमच्याकडे पाहतो. ते पाहून हात डब्याकडे जातोच. पण हे मागणं भुकेचं असतंच असं नाही. काचेजवळ आलं की खायला मिळतं, एवढं तो शिकलेला असतो. त्याच्या डोळ्यांकडे बघून निर्णय घेऊ नका, पोटाकडे बघा.

पायरी ३ : काय द्यायचं

पफरच्या तोंडात चार दात असतात, ते जुळून चोच तयार होते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. म्हणून कवचासकट अन्न महत्त्वाचं: सालासकट कोळंबी, खेकड्याचे पाय, शिंपले, क्रेफिश (गोड्या पाण्यातला छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी), गोगलगायी. फिरत्या शिकाऱ्यांना यांतलं काहीतरी जवळपास प्रत्येक जेवणात हवं. दबा धरणाऱ्यांची चोच सहसा इतकी बेसुमार वाढत नाही, तरी त्यांनाही कवच नियमित द्यावं. मलेशियन ट्रम्पेट जातीच्या गोगलगायी मात्र टाळा. त्यांचं कवच इतकं कठीण असतं की दात तुटू शकतो. रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर जातीच्या गोगलगायी वेगळ्या छोट्या टाकीत सहज वाढतात आणि लहान पफरसाठी त्या उत्तम.

कवचाइतकीच विविधता महत्त्वाची, आणि इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. कोळंबीच्या अनेक जाती, बरेच शिंपले आणि गोल्डफिशसारखे कार्प कुळातले मासे यांच्यात थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं. अधूनमधून असं अन्न गेलं तर काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने फक्त कोळंबीवर ठेवलेल्या माशाला या जीवनसत्त्वाची कमतरता होते: भूक मंदावते, पोहण्याचा तोल जातो, आणि कारण लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे विकर नष्ट होत नाही.

उपाय अवघड नाही. गांडुळं, तिलापिया आणि कॉड यांत हे विकर नसतं. म्हणून आठवड्याच्या जेवणांत आलटून-पालटून एकदा कोळंबी किंवा शिंपला, एकदा गांडुळं, एकदा तिलापियाचा तुकडा असं ठेवा. ज्याला आठवड्यातून एकदाच खायचं आहे त्याच्यासाठी हाच क्रम आठवड्यांच्या हिशोबाने चालवा. माशांसाठीच्या जीवनसत्त्वांचे काही थेंब वितळलेल्या अन्नावर टाकून दहा-पंधरा मिनिटं मुरू दिले तर आणखी चांगलं. गांडुळं मात्र जिथे कीटकनाशक किंवा रासायनिक खत पडत नाही अशाच मातीतली घ्या.

पिल्लांसाठी गोठवलेले ब्लडवर्म (चिलटांसारख्या माश्यांच्या लाल अळ्या), मायसिस (झिंग्यांसारखे बारीक जीव) आणि छोट्या गोगलगायी ठीक. पण ब्लडवर्मवरच मासा मोठा करू नका, त्यात कवच नसतं. गाय, डुक्कर, कोंबडी यांचं मांस देऊच नये. त्यातली चरबी माशाच्या शरीराला पेलत नाही.

जिवंत मासे खायला घालण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. चारा म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीत, अनेकदा आजारी अवस्थेत वाढवलेले असतात. त्यांच्याबरोबर परजीवी थेट तुमच्या पफरच्या पोटात जातात. त्यात ते गोल्डफिश असतील तर वर सांगितलेलं विकर आणि भरपूर चरबीही जाते. शिकार पाहण्याच्या हौसेपोटी माशाचं आयुष्य धोक्यात घालू नका.

पायरी ४ : अन्न तयार करा

कच्ची, मीठ-मसाला न लागलेली कोळंबी आणि शिंपले एकदाच आणून, धुऊन, एका जेवणापुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. द्यायच्या आधी पुडी टाकीतल्याच थोड्या पाण्यात वितळू द्या आणि सुटलेलं पाणी फेकून द्या. ते टाकीत गेलं तर पाणी लवकर बिघडतं. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा कापून टाका. जिवंत क्रेफिश किंवा खेकडा देत असाल तर आधी नांग्या काढा, कारण पफरच्या अंगावर संरक्षण करणारे खवले नसतात आणि नांगीची जखम खोल जाते. लहान माशासाठी तुकडा साधारण त्याच्या डोळ्याएवढा असावा. मोठ्या दबा धरणाऱ्याला अख्खी कोळंबी चालते.

पायरी ५ : खाऊ घाला आणि लगेच साफ करा

किमान तीस सेंटिमीटर लांबीचा चिमटा वापरा. हाताने कधीही नाही. जी चोच शिंपला फोडते ती बोटही तोडू शकते, आणि पाण्यातल्या हालचालीवर झडप घालणारा मासा बोट आणि कोळंबी यांत फरक करत नाही.

दबा धरणारे पफर संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर जास्त सहज खातात. चिमट्यात अन्न धरून तोंडासमोर दहा-बारा सेंटिमीटरवर हळूच हलवा. तोंडावर आपटू नका. प्रतिसाद नसेल तर दोन मिनिटांनी बाजूला घ्या आणि पुन्हा एकदा प्रयत्न करा. तरीही नको असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

न खाल्लेले तुकडे आणि थुंकलेली कवचं अर्ध्या तासात जाळीने काढा. पफर चावताना निम्मं अन्न पाण्यात उडवतात, म्हणून अन्न आणि विष्ठा कुजून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट टाकीत शून्यावर राहतील इतका दमदार फिल्टर हवा. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं हा त्याच्या आहाराचाच भाग समजा. मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पाणी बदललं तर सगळ्यात उत्तम.

नवा मासा खात नसेल तर

दबा धरणारे बहुतेक पफर नदीतून पकडून आणलेले असतात. मेलेलं, चिमट्यातलं अन्न हे त्यांच्या दृष्टीने अन्नच नसतं. आणल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस दिवे मंद ठेवा आणि त्यांना एकटं सोडा. मग हलणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करा: जिवंत गांडूळ, गोगलगाय किंवा घरच्या टाकीत वाढवलेले छोटे झिंगे. ते बिनघोर खाऊ लागला की गांडूळ चिमट्याने धरून द्या. पुढे त्याच चिमट्यात मेलेलं गांडूळ हलवून द्या, आणि मग कोळंबी. ही बदली काही आठवडे घेऊ शकते. घाई करून मध्येच टप्पा गाळला की मासा पुन्हा नकार देऊ लागतो.

पोट भरलेला मोठा मासा एक-दोन आठवडे खात नसेल तर धीर धरा, फक्त पाणी तपासत राहा. पण पोट खपाटीला गेलं असेल, डोक्यामागची पाठ धारदार दिसू लागली असेल, किंवा मासा व्यवस्थित खाऊनही बारीकच होत असेल, तर थांबू नका. पकडून आणलेल्या पफरमध्ये पोटातले जंत ही नेहमीची गोष्ट आहे. औषध मात्र अंदाजाने पाण्यात ओतू नका. बिनखवल्यांचा हा मासा औषधांना फार नाजूक असतो. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच मात्रा ठरवा.

मासा अन्नाकडे झेपावतो, तोंड लावतो आणि सोडून देतो, असं दिसलं तर चोच पाहा. ती इतकी वाढलेली असू शकते की तोंड नीट उघडत नाही. ती गुंगी देऊन कापावी लागते आणि ते कामही पशुवैद्याचंच. मासा हलवायचा झाला तर पाण्यात बुडवलेल्या डब्यातून हलवा. पाण्याबाहेर तो हवा ओढून फुगला तर ती हवा बाहेर काढणं त्याला जड जातं.

तुम्ही गावाला जाणार असाल तर

पूर्ण वाढलेला, धष्टपुष्ट शिकारी पफर दहा-बारा दिवस काही न खाता आरामात राहतो. निघण्याच्या दोन दिवस आधी नेहमीएवढंच जेवण द्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदला. तुम्ही नसताना खायला म्हणून टाकीत जिवंत मासे सोडून जाऊ नका. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची असेल तर खाऊ घालण्यासाठी देऊ नका. फिल्टर चालू आहे का आणि पाण्याचं तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान आहे का, एवढंच पाहायला सांगा. पिल्लं असतील तर मात्र चिमटा वापरता येणारं कुणीतरी दररोज यायला हवं.