आठ शिपाई आणि एक टेबल: आधुनिक स्कर्मिश वॉरगेम कसा खेळावा

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांच्या मूर्ती मांडून फाशांवर खेळायची लढाई. स्कर्मिश म्हणजे चकमक. अख्ख्या सैन्याची लढाई नाही. एका बाजूला आठ-दहा जणांची तुकडी, दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढीच माणसं, आणि मध्ये एखादी गल्ली, दोन-चार घरं, एक नाला. टेबलावरची एक मिनिएचर, म्हणजे अशी एक छोटी मूर्ती, म्हणजे एक माणूस, तीस जणांची पलटण नव्हे. नवख्याने या छंदात शिरायचं तर याच दारातून शिरावं असं मी नेहमी सांगतो. शंभर मिनिएचर रंगवायच्या म्हटल्या की माणूस पहिल्या वीसातच थकतो. आठ मात्र रंगवून होतात, आणि आठांत खेळही उभा राहतो.

‘आधुनिक’ म्हणजे साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरचा, विशेषतः स्वयंचलित रायफलींचा काळ. हा काळ निवडला की खेळाचा पायाच बदलतो, आणि तो कसा हे आधी समजून घ्यायला हवं. आपण २८ मिलिमीटर उंचीच्या मिनिएचर वापरतो असं धरू. त्यांचं प्रमाण ढोबळमानाने १:५६ पडतं. म्हणजे १२० सेंटिमीटरचं टेबल प्रत्यक्षातलं सुमारे ६७ मीटर झालं. आजच्या रायफलीचा परिणामकारक पल्ला ३०० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे याच प्रमाणात टेबलावर साडेपाच मीटरच्या जवळ जातो. थोडक्यात, टेबलाच्या एका कोपऱ्यातला शिपाई समोरच्या कोपऱ्यातल्याला सहज टिपू शकतो. तलवार-भाल्याच्या खेळात अंतर तुम्हाला वाचवतं. इथे अंतर वाचवत नाही, आडोसा वाचवतो. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: स्केल ठरवा आणि बदलू नका

तीन मापं सहज मिळतात: २८ मिमी, २० मिमी (म्हणजे १:७२) आणि १५ मिमी (म्हणजे १:१००). पहिल्यांदा रंगवणाऱ्याने २८ घ्यावं. चेहरा, पट्टे, बंदूक ब्रशला सापडतात. टेबल लहान असेल तर १५ मिमी उत्तम, कारण त्याच जागेत गाव मोठं वाटतं. सोबत गाड्या हव्या असतील तर २८ मिमीशेजारी १:४८, १:५० किंवा १:५६ च्या चालतात, आणि १:४३ च्या धातूच्या तयार मोटारीही शोभून दिसतात. १:६४ च्या खेळण्यातल्या गाड्या मात्र शिपायाशेजारी ठेवल्या की तो गाडीत बसणार कसा, हेच आधी डोळ्यांत येतं.

पायरी २: तुकडी बांधा

ब्रिटिश सेक्शन, म्हणजे त्यांच्या लष्करातली लहान तुकडी, आठ जणांचं असतं: चार-चार जणांच्या दोन चौकड्या. अमेरिकी लष्कराचं स्क्वॉड नऊ जणांचं असतं: दोन चौकड्या आणि वर एक नायक. ही रचना आपल्याला आयती मिळालेली आहे, तीच उचला. प्रत्येक चौकडीत एक म्होरक्या, एक लाइट मशिनगनवाला, एक ग्रेनेड लाँचरवाला आणि एक साधा रायफलवाला. एक चौकडी गोळीबार करून समोरच्याला डोकं वर काढू देत नाही, तोवर दुसरी पुढे सरकते. ही साधी जुगलबंदी म्हणजेच आधुनिक चकमक.

प्रसंग कुठला घ्यायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. या काळातल्या लढायांत जखमी झालेली, घरदार गमावलेली माणसं आज जिवंत आहेत. म्हणून मी देश आणि गाव नेहमी काल्पनिक घेतो, आणि टेबलावर चार-पाच साध्या नागरिकांच्या मिनिएचर ठेवतो. ज्या लक्ष्यापासून १० सेंटिमीटरच्या आत नागरिक उभा असेल, त्याच्यावर गोळी झाडली की गुण कापले जातात. त्यामुळे खेळाडूला ट्रिगर दाबण्याआधी थांबून विचार करावा लागतो.

पायरी ३: रंगकाम

मिनिएचर साच्यातून निघताना तिच्यावर बारीक शीर राहते. ती सुरीच्या पात्याने हलकेच खरवडा, मग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. धातू आणि रेझिन सुपरग्लूने चिकटतं, प्लॅस्टिकला त्याचा स्वतःचा प्लॅस्टिक सिमेंट लागतो. रेझिन घासायचं असेल तर ओलं करून घासा आणि मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट.

रंग धरून राहावा म्हणून आधी प्रायमरचा पहिला थर द्यायचा. त्याचा डबा दोन मिनिटं नीट हलवून २० ते ३० सेंटिमीटरवरून छोटे छोटे हात मारा. हवा दमट असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला. मी एकदा घाई केली होती. आठही शिपाई पूर्ण रंगवून झाले होते, शेवटचा मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, वार्निशचा फवारा दमट संध्याकाळी मारला, आणि सकाळी सगळ्यांवर धुरकट पांढरी साय चढलेली. दोन आठवड्यांचं काम डोळ्यांसमोर गेलं असं वाटलं. वर ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात दिला तेव्हा बराचसा पांढरेपणा उतरला. तेव्हापासून फवाऱ्याचं काम कोरड्या दुपारीच करतो, आणि आधी एका टाकाऊ मिनिएचरवर मारून बघतो.

आता कॅमोफ्लाज, जिथे सगळे अडतात. गणवेशाच्या फोटोवरून नक्षी हुबेहूब उतरवायला जाऊ नका. शिपायाची पाठ तुमच्या नखाएवढी असते. खरी नक्षी तेवढ्या जागेत कोंबली की लांबून नुसता चिखल दिसतो. मी असं करतो: सगळ्या कपड्यांवर आधी फिकट खाकीचे दोन पातळ हात. रंग दुधाइतका पातळ हवा. घट्ट रंगाने चेहऱ्याचे बारकावे बुजतात. मग मळकट हिरव्याचे वेडेवाकडे डाग, साधारण एक तृतीयांश भागावर. गोल डाग काढू नका, नाहीतर कपड्यांवर बुट्टे पडल्यासारखे दिसतात. ब्रशचं टोक आडवं टेकवून किंचित ओढायचं. हिरव्याच्या कडेला काही ठिकाणी गडद तपकिरी बारीक रेघा, हिरव्यावर थोड्या चढलेल्या. शेवटी साय रंगाचे ठिपके, एका मिनिएचरवर दहा-बारा, त्याहून जास्त नाहीत. हे वाळलं की तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पाण्यासारखा पातळ रंग, सगळीकडे फिरवा. तो घड्यांत उतरतो आणि चार वेगळे रंग एकमेकांत बसवतो.

जॅकेटवरचं चिलखत आणि दारूगोळ्याचे खिसे एकाच सपाट रंगात ठेवा. डोळ्याला कुठेतरी विसावा लागतो, आणि हात-पाय कुठे संपतात हे त्याने कळतं. बंदूक पूर्ण काळी नको. गडद राखाडी देऊन कडांवरून फिकट राखाडीचा कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून घेतलेला) फिरवला की लोखंड वाटतं. डोळे काढत बसू नका. भुवईखालची सावली पुरेशी असते.

बेसवर, म्हणजे शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर, फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक लावून वाळू पसरा, आणि तिचा रंग टेबलावर अंथरलेल्या चटईच्या रंगाशी जुळवा. हे छोटं काम लोक टाळतात. पण बेस जुळला नाही तर कितीही सुंदर रंगवलेला शिपाई टेबलावर चिकटवल्यासारखा दिसतो.

पायरी ४: टेबल भरा

माझा पहिला आधुनिक डाव दुसऱ्याच फेरीत आटोपला. चार घरं, दोन झाडं, बाकी मोकळं मैदान. एका छपरावर मशिनगन बसली आणि समोरची तुकडी पहिलं पाऊल टाकायच्या आत संपली. नियमांत काही चूक नव्हती. टेबल रिकामं होतं.

१२० × १२० सेंटिमीटरच्या टेबलाला सहा ते आठ इमारती लागतात, आणि त्यांच्यामध्ये कुंपणं, पडक्या भिंती, उभ्या गाड्या, कचऱ्याच्या पेट्या, ढिगारे. मांडून झालं की खाली वाका, डोळा टेबलाच्या पातळीला आणा आणि चारही कडांवरून बघा. एका कडेवरून थेट समोरची कड दिसत असेल तर त्या रेषेत काहीतरी ठेवा. मग शिपायाच्या नजरेने बघा: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका चालीत, म्हणजे १५ सेंटिमीटरमध्ये, पोचता येतं का? बहुतेक ठिकाणी ‘हो’ आणि दोन-तीन ठिकाणी ‘नाही’ असं उत्तर यायला हवं. त्या ‘नाही’वाल्या जागांवरच डाव रंगतो.

घरं स्वतः बनवता येतात. ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला पुठ्ठा), धारदार कटर आणि पट्टी एवढं पुरतं. दरवाजा साडेचार सेंटिमीटर उंच आणि निदान तीन सेंटिमीटर रुंद ठेवा, म्हणजे २५ मिमीचा गोल बेस आरामात आत जातो. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर, म्हणजे आतल्या शिपायाचं डोकं आणि बंदूक बाहेर डोकावते. छप्पर चिकटवू नका, उचलता आलं पाहिजे. गच्चीला दीड-दोन सेंटिमीटरचा कठडा द्या. आणि फोमवर थेट स्प्रे मारू नका, त्यातलं द्रावक फोम खातं. आधी डिंकाचा किंवा ॲक्रिलिक रंगाचा एक हात ब्रशने द्या.

पायरी ५: नियम

बाजारात छापील नियमावल्या भरपूर आहेत, पण पहिल्या दोन-तीन डावांसाठी मी नवख्यांना हे एवढेच नियम देतो. फासे साधे, सहा बाजूंचे.

दोघांनी फासा टाकायचा, मोठा पडेल त्याची पहिली पाळी. मग आळीपाळीने एकेक चौकडी खेळवायची. पूर्ण बाजू एकदम हलवायची नाही, नाहीतर समोरचा अर्धा तास नुसता बघत बसतो. पाळी आलेल्या चौकडीतल्या प्रत्येकाला दोन कामं: १५ सेंटिमीटर चालणं, गोळी झाडणं, जखमीला ओढणं किंवा पहाऱ्यावर बसणं. गोळीबार एका पाळीत एकदाच.

गोळीबाराला प्रत्येकी एक फासा, मशिनगनला तीन. लक्ष्य उघड्यावर असेल तर ४, ५, ६ ला गोळी लागू. आडोशामागे असेल तर फक्त ६ ला. म्हणजे एका भिंतीमुळे धोका तिपटीने कमी होतो. लागू झालेल्या प्रत्येक गोळीसाठी समोरच्याने एक फासा टाकायचा: १-२ आला तर शिपाई खाली पडला, ३ ते ६ आला तर तो ‘दबला’. दबलेल्याशेजारी एक खडा ठेवा. तो हलू शकत नाही आणि ६ शिवाय त्याची गोळी लागत नाही. पाळीच्या सुरुवातीला ४ किंवा जास्त पडला तर तो सावरतो. म्होरक्या १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ३ लाही सावरतो.

पहाऱ्यावरचा शिपाई पाळी राखून ठेवतो. शत्रू नजरेच्या रेषेत आला की दोघांनी फासा टाकायचा. पहारेकऱ्याचा मोठा किंवा बरोबरीचा पडला तर त्याची गोळी आधी.

पायरी ६: पहिला डाव

‘सगळ्यांना मारा’ हा प्रसंग घेऊ नका. टेबलाच्या मधोमध एक जखमी वैमानिक ठेवा. एका बाजूने त्याला आपल्या कडेपर्यंत ओढत न्यायचं, दुसऱ्या बाजूने सहा फेऱ्या ते रोखायचं. दोघांनाही पुढे सरकावं लागतं, लपून बसून चालत नाही.

एक क्षण जवळून बघा. वैमानिक रस्त्याच्या पलीकडे, रस्ता बारा सेंटिमीटर रुंद. समोरच्या घराच्या खिडकीत शत्रूचे दोघे पहाऱ्यावर बसलेत. तसंच धावलो तर उघड्यावर दोन गोळ्या, प्रत्येकी पन्नास टक्के. म्हणून माझी पहिली चौकडी भिंतीआडून खिडकीवर गोळीबार करते: मशिनगनचे तीन आणि बाकी तिघांचे तीन, असे सहा फासे. आडोशामुळे ६ च लागतो. सहा फाशांत एक तरी सहा पडण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के. फासे पडतात: २, ६, ३, ६, १, ४. दोन गोळ्या लागू. प्रतिस्पर्धी टाकतो ५ आणि ३. कोणीच पडलं नाही, पण खिडकीतले दोघेही दबले आणि पहारा मोडला. त्याची पाळी येते. तो दुसरी चौकडी मागच्या गल्लीतून आणू लागतो, पण तिला पोचायला अजून दोन चाली आहेत. मग माझी दुसरी चौकडी रस्ता ओलांडते. खिडकीतून एक गोळी सुटत नाही. एकही शिपाई न पडता रस्ता माझा झाला.

नवखे खेळाडू इथेच चुकतात. फाशांवर किती जण मेले ते मोजतात, आणि ‘नुसतंच दाबलं’ म्हणून हिरमुसतात. खरं तर दाबलेल्या खिडकीसमोरची ती एक पाळी हीच तुमची कमाई असते. ती लगेच वापरली नाही तर पुढच्या फेरीत शत्रू सावरतो आणि सहा फासे वाया जातात. म्हणून आधी गोळीबाराची चौकडी खेळवा, मग धावणारी. हा क्रम उलटा झाला की रस्त्यात माणसं पडतात.

डाव साधारण दीड तासात होतो. लगेच टेबल मोडू नका. सुरुवातीच्या मांडणीचा एक फोटो आधीच काढून ठेवलेला असू द्या, त्यावरून सगळं जागेवर लावा, बाजू बदला आणि तोच प्रसंग पुन्हा खेळा. मघाशी ज्या खिडकीला घाबरत होतात तिच्यात आता तुमचे दोघे बसलेले असतील, आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीआडून कोणी फासे उचलतंय का, यावर तुमची नजर असेल.