आधी दात उजळा, मग पुढचं सिमेंट बदला

तुळशीची लग्नं लागली की आमच्या सांगलीतल्या दवाखान्यात एक मागणी ठरलेली: "डॉक्टर, दात पांढरे करा आणि पुढच्या दातातलं पिवळं पडलेलं सिमेंटही बदला. एका खेपेत होऊन जाऊ दे." एका खेपेत मी करत नाही.

दात उजळायचं जेल म्हणजे पेरॉक्साइड. दवाखान्यात लावतात ते साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. घरी रात्री दातांवर बसवायच्या साच्यात, म्हणजे ट्रेमध्ये घालायला १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड दिलं, तर त्यातून सुटतं जेमतेम साडेतीन टक्के. डाग फोडून झाले तरी त्यातला ऑक्सिजन लगेच जात नाही, दातात काही दिवस रेंगाळतो. आणि दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे काँपोझिट, ऑक्सिजन असला की नीट घट्ट होत नाही. निळा लाईट मारल्यावर वरून टणक लागतं, पण दाताला धरून ठेवणारा बाँडचा पातळ थर कच्चा राहतो. मग कडेला केसाएवढी फट पडते, तिच्यात चहा आणि लाळ मुरते, फिलिंगभोवती तपकिरी रेघ उमटते. पुढे तिथेच कीड.

म्हणून पहिलं काम जुन्या फिलिंगांची तपासणी. एक्सप्लोरर नावाचा टोकदार आकडा कडेवरून हलकेच फिरवला की सांधा चांगला असेल तिथे तो सरकत जातो, उघडा असेल तिथे टक्कन अडकतो. घरी अंदाज घ्यायचा तर दोन दातांमध्ये फ्लॉसचा दोरा घालून बघा. एकाच जागी तो दरवेळी विसकटत असेल, तर ती जागा मला दाखवा. गळकं फिलिंग तसंच ठेवून जेल लावलं तर पेरॉक्साइड फटीतून थेट दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतं. अशी फट मी आधी ग्लास आयोनोमर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या सिमेंटने तात्पुरती बुजवते. देखणेपणाचा विचार तेव्हा करायचा नाही.

मग जेल. दात थोडे सळसळतात, ते चालायचंच. पण फिलिंगवाल्या एकाच दातात कळ येत असेल तर ट्रे काढून ठेवा आणि फोन करा.

जेल संपलं की दोन आठवडे थांबायचं, आणि इथेच सगळ्यांची घाई होते. ऑक्सिजन निघून जायला वेळ लागतोच, शिवाय रंगही बसायचा असतो. उजळल्यावर लगेच दात कोरडा पडलेला असतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. त्या दिवशी शेड जुळवली तर पुढे फिलिंग दातापेक्षा पांढरं दिसेल. जुनं काँपोझिट किंवा कॅप जेलने उजळत नाही, तेव्हा नव्या फिलिंगचा खर्च सुरुवातीलाच धरा.

हळदीच्या तारखेपासून मागे मोजा: दोन-तीन आठवडे ट्रे, दोन आठवडे विश्रांती, एखादा आठवडा हाताशी. दीड महिना तरी हवा. सोडियम अस्कॉर्बेट, म्हणजे दातात उरलेला ऑक्सिजन निष्प्रभ करणारं रसायन, लावून त्याच दिवशी बाँड करायची युक्ती आहे, प्रयोगशाळेत तिचे निकालही बरे आलेत. तरी पुढच्या दातावर मी तिच्या भरवशावर राहत नाही. तारीख अगदी तोंडावर आली असेल तर दोन्हींपैकी एकच करा. फिलिंग फारच वाईट दिसत असेल तर ते बदला आणि जेल लग्नानंतर. फक्त मग ते फिलिंग पुन्हा बदलावं लागेल, हे नवरीच्या आईला आधी सांगून ठेवते.

रूट कॅनल होऊन काळा पडलेला दात आतून उजळतात, त्याचं तंत्र वेगळं. औषध दाताच्या पोटात ठेवायचं असल्याने आधी खाली, मुळाच्या तोंडाशी सुमारे २ मिलिमीटर ग्लास आयोनोमरचा अडसर घालतो, नाहीतर औषध मुळाकडे झिरपून तिथला भाग झिजू शकतो. वर तात्पुरतं सिमेंट असतं. ते निघालं तर लाळ आत जाते आणि औषध फुकट जातं, म्हणून त्याच दिवशी या. पक्कं काँपोझिट इथेही दोन आठवड्यांनीच.