‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला? या चुका टाळा

माझ्या मावशीच्या दारात दोन दिवस दुधाच्या पिशव्या तशाच पडून होत्या. आत ती जेवणाच्या टेबलाशी, स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलसमोर बसलेली. पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस. ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मनी लाँडरिंग झालंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही.’ चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई पाणी प्यायला जायचीही परवानगी मागत होती. शेजारच्या काकूंनी दार बडवलं, म्हणून उरलेली एफडी वाचली.

पहिली चूक म्हणजे खरं-खोटं त्या कॉलवरच ठरवायला बसणं. हे भामटे ओळखपत्र दाखवतात, शिक्क्याचं वॉरंट पाठवतात. तुम्ही प्रश्न विचारत राहता आणि अडकत जाता. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. फोन कट करा. पुन्हा पुन्हा वाजेल, वाजू द्या. घरात किंवा शेजारी जाऊन कुणाला तरी सांगा. ‘बोललात तर त्यांनाही आत घेऊ’ ही धमकी तुम्हाला एकटं पाडण्यासाठीच असते, त्यांचं सगळं बळ त्या एकटेपणात आहे.

दुसरी चूक बँकेत होते. काउंटरवरच्या मुलीने मावशीला विचारलं होतं, ‘एवढी रक्कम एकदम कशाला?’ मावशीच्या पर्समध्ये त्या भामट्यांचा कॉल चालूच होता. मावशीने पढवलेलं उत्तर दिलं, ‘भाच्याच्या फ्लॅटला.’ तो भाचा मी. मी कुठलाही फ्लॅट घेत नव्हतो. त्या मुलीला खरं कळलं असतं तर पैसे तिथेच थांबले असते. तोंडाने बोलता येत नसेल तर स्लिपच्या मागे लिहून द्या.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लाजेपायी गप्प बसणं. मावशीने रक्कम कुणालाच सांगितली नाही, मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर असे पैसे दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या डझनभर खात्यांत फुटतात, मग क्रिप्टो होऊन देशाबाहेर जातात. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी कळवणं, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये असतो तो संदर्भ क्रमांक), वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, रागाने तर मुळीच नाही. आम्ही फोन केला तेव्हा वीस तास उलटले होते. थोडी रक्कम होल्ड झाली, बाकीची गेली.

यानंतर ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील. तीही फसवणूकच.

आता पलीकडच्या माणसाबद्दल. हे भुरट्या चोरांचं काम राहिलेलं नाही. म्यानमारमधल्या म्यावाडीला, कंबोडियात, लाओसमध्ये तारांच्या कुंपणाआड अशी अख्खी आवारं चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या २०२३ च्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांकडून जबरदस्तीने हे काम करून घेतलं जात होतं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं. ‘थायलंडला डेटा एंट्री, राहणं-जेवण फुकट’ असं सांगून मुलांना बँकॉकला उतरवतात, गाडीने म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोतला नेतात आणि नदीपलीकडे पोचताच पासपोर्ट काढून घेतात.

घरात नोकरी शोधणारं कुणी असेल तर दोन गोष्टी आजच सांगा. पर्यटक म्हणून जाऊन तिथे नोकरी करता येत नाही, एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासायची. आणि महिना काही हजारांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणालाही वापरायला द्यायचं नाही. मावशीचे पैसे आधी गेले ते अशाच एका कॉलेजच्या पोराच्या खात्यात.